एक्केचाळीस पोत्यांचं प्रकरण

गणपती पेठेतलं आमचं जुनं गोदाम २०१९ च्या महापुरानंतर तसंच पडून होतं. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांच्या वर मजल मारली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. गोदामात माझ्या छातीइतकं पाणी चढलं आणि ओसरल्यावर भिंतींना जी ओल धरली ती आजपर्यंत सुटलेली नाही. आमचा धंदा हळदीचा, आणि हळदीला ओल म्हणजे यमदूत. माल आम्ही मार्केट यार्डातल्या गाळ्यात हलवला आणि इथं कुलूप लावलं.

दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात, सौदे ऐन भरात असताना, माझ्या मित्राची मुलगी दुकानात आली. चित्रकलेचं रीतसर शिक्षण घेतलेली, पण पोट भरते पोरांचे चित्रकलेचे क्लास आणि लग्नपत्रिका यांवर. म्हणाली, "काका, पेठेतलं गोदाम चार महिने द्याल? आणि थोडं बारदान."

गोदामाचं समजलं. बारदान कशाला, ते समजेना. बारदान म्हणजे आमच्या धंद्यात रिकामी पोती. मालाचं वजन करताना त्याचं वजन वजा करायचं आणि विसरून जायचं. हिशोबात त्याची हीच काय ती जागा: वजा.

या सगळ्या प्रकरणाची नोंद मी लिहावी हा आग्रहही तिचाच. "चित्रकाराकडून लिहून घेतलं की शब्द फार होतात. तुम्ही खतावणी लिहिता तसं लिहा," म्हणाली. माझं कलेचं ज्ञान शाळेच्या सहलीपुरतं. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलेलं भवानी संग्रहालय आम्हाला दाखवायला नेलं होतं. तिथं राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, शिल्पकार हेन्री मूरचं 'माता आणि बालक' आहे. गुरुजींनी हात मागे बांधून रांगेत फिरवलं होतं. कला म्हणजे जिला हात लावायचा नाही ती वस्तू, एवढं डोक्यात बसलं. पोत्याला तर आम्ही हातच काय, हूकही लावतो.

माल

पोत्याबद्दल मला जे माहीत होतं ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं लागणार नाही.

तागाचं पोतं बहुतेक बंगालातून, हुगळीकाठच्या गिरण्यांतून येतं. १९८७ च्या कायद्यानं धान्य आणि साखर तागात भरणं सक्तीचं केलं म्हणून हा धंदा तगून राहिला, नाहीतर प्लास्टिकच्या विणलेल्या पोत्यांनी तो केव्हाच गिळला असता. शंभर किलोचं जुनं पोतं रिकामं तोललं तर किलोभर भरतं. पहिल्या फेरीत त्यातून साखर किंवा गहू जातो. मग ते बारदानवाल्याकडे येतं. तो झटकतो, फाटलेलं शिवून घेतो आणि हळदीला देतो. हळदीनंतर कडबाकुट्टी, कोळसा, सरकी, जे मिळेल ते. शेवटी कुणाच्या तरी उंबऱ्यापुढे पायपुसणं होतं, नाहीतर पावसात डोक्यावर खोळ म्हणून जातं.

प्रत्येक फेरीत त्याच्यावर काहीतरी उमटतं. पत्र्याच्या साच्यातून काळ्या शाईनं मारलेला छाप, लॉटचा नंबर, शेतकऱ्याची आद्याक्षरं. हुकाची भोकं. उंदरानं कुरतडलेला कोपरा आणि त्यावर दुसऱ्याच पोत्याचं ठिगळ. त्या ठिगळावर कुठल्या तरी कारखान्याच्या नावाची अर्धी अक्षरं, तीही उलटी. आणि आतून, हळदीची एक फेरी झालेलं असेल तर, पिवळा धम्मक रंग.

तिला हवा होता तो हा पिवळा. गोदामाची लांब भिंत ४० फूट बाय १४ फूट. पोती दोन बाजूंनी उसवून उघडायची, एकमेकांना जोडायची आणि सगळी भिंत झाकायची, असा तिचा बेत.

फोनवर तिनं मला दोन माणसांची कामं दाखवली. एक इटलीचा आल्बेर्तो बुर्री. हा मूळचा डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली ट्युनिशियात पकडला गेला आणि अमेरिकेत टेक्साससारख्या लांबच्या मुलखात युद्धकैद्यांच्या छावणीत चित्रं काढायला लागला. पुढे १९५० च्या सुमारास त्यानं फाटकी पोती ठिगळांसकट चौकटीवर ताणली. टाके बघून वाटतं, माणसानं जखमा शिवलेल्या आहेत. दुसरा घानाचा इब्राहिम महामा, जन्म १९८७ चा. तो कोकोची आणि कोळशाची जुनी पोती गोळा करतो, लोकांकडून शिवून घेतो आणि अख्ख्या इमारती झाकतो. २०१५ ला व्हेनिसच्या प्रदर्शनात, २०१७ ला जर्मनीतल्या कासेलमध्ये. कोकोची ती पोती घानात आपल्याच बाजूनं, आशियातून जातात, हे ऐकून मात्र मी सावरून बसलो. बारदानाचा माणूस ना मी.

"मग हे झालेलंच आहे की," मी म्हटलं. "तू परत कशाला?"

"त्यांच्या पोत्यांत हळद नव्हती, काका."

उत्तर मला त्या वेळी पोरकट वाटलं. पुढे सगळं प्रकरण त्याच उत्तरावर फिरलं.

उलटी बाजू

बारदानवाल्याकडून ६० पोती घेतली, ३० रुपयांनी. मी घासाघीस केली, तिनं थांबवलं. तिला निवडून हवी होती. माणसं चांगली पोती निवडतात, ही खराब निवडत होती. बारदानवाल्यानं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

पहिल्या आठवड्यात तिनं सात पोती उसवली आणि त्यांची ठिगळं कापून बाजूला काढली. सलग पोत हवा होता, ठिगळानं डोळा अडतो, असं तिचं म्हणणं. ठिगळं एका टोपलीत जमली. उसवलेली पोती तिनं भिंतीला टाचून बघितली, पिवळी बाजू बाहेर, छापाची बाजू भिंतीकडे. दुपारचं ऊन दारातून आत आलं आणि खरं सांगतो, मी गप्प झालो. पन्नास वर्षं हळदीत काढून हा रंग एवढा एकत्र मी कधी पाहिला नव्हता. ढीग पाहिलेत. पण ढिगाकडे आम्ही भाव म्हणून बघतो.

जोडायला हात हवे होते. यार्डात पोती शिवणाऱ्या बायका असतात. दाभण आणि सुतळी घेऊन शेडच्या कडेला बसतात. त्यातल्या दोघींना रोजानं बोलावलं. थोरलीला सगळा यार्ड आक्का म्हणतो. आक्का आत आली, भिंतीकडे बघितलं आणि पहिलं वाक्य बोलली:

"पोरी, उलटं लावलंयस की समदं."

ती समजावू लागली की आक्का, मुद्दामच लावलंय, रंग दिसावा म्हणून. आक्कानं ऐकून घेतलं. मग टोपलीतली ठिगळं उचलून एकेक बघायला लागली. "हे माझं. हे न्हाई. ही टाका दुहेरी घालती, तिकडची हाय, गेली बिचारी. हे कुणी पुरुषानं शिवलंय, बघ की कसं गबाळं." सात पोत्यांच्या ठिगळांतून तिनं चार हात ओळखले. मग विचारलं, "ही का काढली?"

उत्तर द्यायला कुणालाच जमलं नाही. मी पन्नास वर्षं बारदान वापरतोय. ठिगळाला सही असते हे मला ठाऊक नव्हतं.

इथं माझं मत नोंदवतो. दुर्लक्षित वस्तूंना कलाकार नवं आयुष्य देतो, असं वर्तमानपत्रात नेहमी छापून येतं. दुर्लक्षित कुणाकडून? पोत्याकडे माझं लक्ष नव्हतं, तिचं फक्त रंगापुरतं होतं. आक्काचं पूर्ण होतं, आणि तिला त्यात कला वगैरे काही दिसत नव्हती. कोणी नीट शिवलंय आणि कोणी रोज भरायला टाके ओढलेत, एवढं दिसत होतं. तिच्या नजरेची पातळी गाठायला आमच्या चित्रकर्तीला तीन महिने लागले. हे मी तिच्या तोंडावर म्हणालोय, तेव्हा इथं लिहायला हरकत नाही.

त्या दिवसापासून ठिगळं कापणं बंद झालं. पण उजवी बाजू कोणती, हा वाद मिटेना. आतली बाजू दाखवली की छाप, टाके, ठिगळं भिंतीत गडप. बाहेरची दाखवली की रंग गडप. दोघी आपापल्या जागी खऱ्या. मे महिन्यात ४१ पोत्यांची अखंड चादर शिवून झाली आणि शेवटी पिवळी बाजू पुढे ठेवूनच भिंतीवर चढली, कारण पैसे मी देत होतो आणि मला पिवळा आवडला होता.

वळीव

चादर चढवण्याआधी आठवडाभर मी एक उद्योग करून ठेवला होता. पुराचे डाग बरे दिसत नाहीत म्हणून ती भिंत चुन्यानं रंगवून घेतली होती. दोन हात, जाड. डिस्टेंपर परवडला असता, पण ओल्या भिंतीवर तो फुगतो; चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, असा माझा हिशोब.

मे संपता संपता वळीव आला. कौलांतून पाणी झिरपून भिंतीवर उतरलं आणि रात्रभर चादर भिंतीला चिकटून ओली राहिली. सकाळी तिचा फोन आला, आवाज रडवेला. जाऊन बघतो तर पिवळ्या चादरीत जागोजाग लाल डाग फुटलेले. भिंतीकडची बाजू उलटून पाहिली तर तिथं डागच डाग, काही ठिकाणी वीतभर, रक्तासारखे.

तिला वाटलं गंज. मला वाटलं कुणी काहीतरी फेकलं. आक्का दारातूनच म्हणाली, "कुंकू झालं गं बाई!"

आणि खरंच तेच झालं होतं. घरोघरी कुंकू असंच करायचे: हळदीला चुना लावायचा. हळदीतलं कुरकुमीन नावाचं पिवळं रंगद्रव्य चुन्यासारख्या अल्कलीत लाल होतं, लिंबू पिळलं की परत पिवळ्यावर येतं. हळदीचा डाग लागलेल्या कपड्याला साबण लावला की तो लाल पडतो, हे प्रत्येक घरात माहीत असतं. मात्र त्यासाठी पाणी लागतं. कोरडं पोतं कोरड्या चुन्याच्या भिंतीला वर्षभर टेकून राहिलं असतं तरी काही झालं नसतं. जाड ताजा चुना, ओल आणि हळद, तिन्ही एका रात्रीत जमून आले, आणि तिन्ही मीच जमवून आणले होते.

उद्घाटनाला पंधरा दिवस उरले होते. समोर रस्ते तीन. नवी १५-२० पोती घेऊन डागाळलेली बदलायची. आक्का म्हणाली, चार दिवसांत करून देते. किंवा लिंबाच्या पाण्यानं डाग परतवायचे. तिनं एका तुकड्यावर करून पाहिलं, लाल गेलं पण पिवळा मळकट झाला. किंवा तसंच राहू द्यायचं.

तिनं तिसरा निवडला, पण जसाच्या तसा नाही. चादर भिंतीवरून उतरवली. भिंतीपासून चार फूट सोडून वरच्या तुळईला बांबू बांधले आणि चादर मोकळी टांगली, पडद्यासारखी. पुढून पिवळी. मागे जायला वाट. मागच्या बाजूला छाप, नंबर, हुकाची भोकं, आक्काची आणि न-आक्काची ठिगळं, आणि त्या सगळ्यांवरून पसरलेलं कुंकू. समोर चादरीचा उरलेला रंग घेऊन बसलेली चुन्याची भिंत, तीही तांबूस.

आत-बाहेरचा वाद असा पावसानं मिटवला. पाऊस पडला नसता तर काम भिंतीला चिकटलेलं, छान पिवळं आणि अर्धंच राहिलं असतं, असं मला वाटतं. तिला असं म्हटलेलं आवडत नाही. ती म्हणते, पडदा तिच्या मनात आधीपासून होता. असेल.

रंगाचं दुखणं एवढ्यावर थांबलं नाही. खिडकीसमोरचा पट्टा तीन आठवड्यांत फिका पडू लागला. हेही घरचंच ज्ञान: हळदीचा डाग गेला नाही तर कापड उन्हात टाका. तिनं तुरटीच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या उन्हात ठेवून पाहिल्या. त्यांनीही मान टाकली. मी म्हटलं, दर रविवारी मूठभर हळदपूड चोळ. तिनं नकार दिला आणि खिडकीचं एक दार मुद्दाम रोज उघडं ठेवलं. महिन्याभरात पडद्यावर खिडकीच्या आकाराची एक तिरपी, पांढुरकी सावली तयार झाली. तिकडे मागचं कुंकूही लाल राहिलं नाही, विटकरी होत गेलं.

लोक

प्रदर्शन जूनच्या मध्यापासून पाच आठवडे चाललं. शहरातले चित्रकार, प्राध्यापक आले, चांगलं बोलले, फोटो काढून गेले. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही.

सांगण्यासारखे आले ते यार्डातले. एका व्यापाऱ्यानं आत येताच पडदा चिमटीत धरून चोळला, बोटं नाकाला लावली आणि हळदीच्या जातीचा निकाल दिला: "यातली निम्मी राजापुरी नाही. सेलम आहे." मग एकेका पोत्यापाशी थांबून वास घेत पुढे सरकत गेला. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून ही मंडळी जास्तच चोखंदळ झालीत. चाळीस मिनिटं होता. सगळ्या प्रेक्षकांत एवढा वेळ कुणी दिला नाही.

हमाल संध्याकाळी काम सुटल्यावर यायचे, घोळक्यानं. ते थेट मागे जायचे. एकानं हरिपूरच्या पेवांची गोष्ट काढली. जमिनीखाली खोल खणलेल्या त्या पेवांत वर्षानुवर्षं हळद टिकायची. २००५ च्या पुरात बहुतेक पेवं बुडाली आणि मोडली. त्याचा बाप कमरेला दोर बांधून पेवात उतरायचा. "तिथं आत असाच वास यायचा," तो पडदा आणि भिंतीच्या मधल्या चार फुटांत उभा राहून म्हणाला.

दुसऱ्यानं दाराशेजारचा फलक वाचला. तिनं बराच खपून लिहिला होता. 'विस्मृत श्रमांचे अवशेष' असं काहीतरी. त्यानं दोनदा वाचून विचारलं, "विस्मृत म्हंजे?"

"विसरलेले."

"कोण विसारलं?"

दुसऱ्या दिवशी फलक नव्हता. एक स्पीकरही होता, सौद्याची बोली रेकॉर्ड करून लावलेली. तोही मी बंद करायला लावला. यार्डातल्या माणसाला संध्याकाळी परत बोली ऐकवायची म्हणजे छळ आहे. प्रदर्शनात काय उणं होतं असं विचाराल तर हीच दोन: फलक आणि स्पीकर. दोन्हींत तिचा पोत्यांवर विश्वास कमी पडला होता.

तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून एक हॉटेलवाले आले. पडदा घेतो म्हणाले, दिलेला आकडा ऐकून मी खुर्चीत सरळ झालो. अटी दोन: उपहारगृहात लावायचा म्हणून वास घालवून द्यायचा आणि वरून लॅकर मारायचं, पूड गळता कामा नये. ती एक रात्र विचार करून नाही म्हणाली. मी चिडलो, ते लपवत नाही. माल गिऱ्हाइकाला हवा तसा पॉलिश करून द्यायचा हा आमचा धर्म; हळकुंडं आम्ही पिंपात घोळवून चकचकीत करतो, त्यात कमीपणा मानत नाही. तिचं म्हणणं, लॅकर मारलं की रंग उडणार नाही आणि मग ते पोतं राहणार नाही. आजही मला हे पुरतं पटलेलं नाही. लॅकर मारूनही उन्हानं रंग गेलाच असता.

विकली गेली ती दुसरीच गोष्ट. पहिल्या आठवड्यात कापून टोपलीत टाकलेली ठिगळं तिनं जुळवून चार छोट्या चौकटी केल्या होत्या. त्या दीड हजारांना एक अशा चारही गेल्या. इथं आमचं भांडण झालं. शिवणाऱ्या दोघींना मी सहा दिवसांचा रोज दिला होता, ४०० रुपये प्रमाणे, बाजारात चालत होता त्याहून जास्त. माझ्या लेखी व्यवहार पुरा. ती म्हणाली, चौकटीत जे विकलं गेलं ते टाके आहेत आणि टाके तिचे नाहीत. सहा हजारांतले निम्मे आक्का आणि तिच्या जोडीदारणीला द्यायचे.

"त्यातली दोन ठिगळं तर मेलेल्या बाईची आहेत," मी म्हटलं. "तिचे कुणाला देणार?"

हे तिनं आक्कालाच विचारलं. आक्कानं त्या बाईची सून यार्डातच कामाला असल्याचं सांगितलं. पैसे तीन वाट्यांत गेले. चौकटींखाली नावं लिहू का, या प्रश्नावर आक्का मात्र हसली आणि नको म्हणाली. नाव लागलं की उद्या बारदानवाला म्हणेल, तुला पोटाला कमी नाही.

पट्टी

शेतकऱ्याचा माल विकला की अडत्या त्याला पट्टी देतो: काय आलं, काय वजा झालं, हातात काय. तिनंही पट्टी मागितली. ती अशी.

बारदान ६० नग, १,८०० रुपये. शिवणकाम, दोन बायका सहा दिवस, ४,८००. सुतळी आणि दाभणं, ३५०. बांबू, दोर, २,२००. फलक, जो एक दिवस टिकला, ९००. हमाली ६००. एकूण खर्च १०,६५०. गोदामाचं भाडं आणि चुना माझ्याकडे. चुन्याचे पैसे मागायला तोंड नव्हतं.

जमा: चौकटींच्या विक्रीतला तिचा निम्मा वाटा ३,०००. न वापरलेली १२ पोती बारदानवाल्याला २५ रुपयांनी परत, ३००. एकूण ३,३००.

पडदा जुलैच्या शेवटी उतरवला. पावसानं झोड उठवली होती, नदी चढत होती आणि गोदाम खाली करणं भाग होतं. आक्कानं पडद्यातली दोन पोती मागून घेतली, खोळ करायला. उसवून देताना स्वतःचा टाका स्वतःच कापला. उरलेली ३९ गुंडाळून चित्रकर्तीच्या घरी माळ्यावर आहेत. ती म्हणते पुढच्या वेळी अजून जोडायची. बारदानवाल्यानं खराब पोत्यांचा भाव तिच्यासाठी ३५ केलाय.

तिच्या नावे बाकी ७,३५०. ऑगस्टपासून दर महिन्याला पाचशे येतात, दिवाळीचा महिना सोडून.